दिवसाआडच्या बाया

यास्मे, मला भीती वाटते.

हे वाक्य तुला पाठ आहे. अकरावीला तुझ्या शेजारच्या बाकावर येऊन बसले, तेव्हा नाव सांगायच्या आधी मी हेच म्हणाले होते, कारण इंग्रजीचे सर एकेकाला उभं करून वाचायला लावत होते आणि माझी पाळी जवळ येत चालली होती. मी खुटबाव गावाहून शटल रेल्वेने आलेली, तू दौंडच्या रेल्वे कॉलनीतली. तू मला खालपासून वरपर्यंत बघून घेतलंस आणि म्हणालीस, "घाबर की मग. घाबरायला काय फी पडती का?" तेव्हापासून माझी भीती हा आपल्या दोघींचा भागीदारीतला धंदाच झाला. मी घाबरायचं आणि तू त्यावर काहीतरी बोलायचं. आता मी घाबरून बसले आहे आणि पलीकडून काही येत नाही.

तू गेलीस त्याचा चाळिसावा अजून व्हायचाय, पण तेवढ्यात लोकांनी तुला पार बदलून टाकलंय. तुझ्याबरोबर शिकवणाऱ्या एक बाई परवा मला फोनवर सांगत होत्या की यास्मिन मॅडम फार शांत स्वभावाच्या होत्या. तू आणि शांत! आपल्याकडे माणूस गेलं की आधी त्याला गोड करून टाकतात. तू खवचट होतीस, आगाऊ होतीस, समोरच्याची नक्कल त्याच्या तोंडावर करायचीस आणि वर त्यालाच विचारायचीस, जमली का म्हणून. मला ती हवी आहे. या शांत मॅडमला मी ओळखत नाही.

भीती कशाची, ते तुला माहीत आहे. दिवाळी झाल्यावर आपल्या दोघींनाही डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. तुझ्या पित्ताच्या पिशवीत खडे, माझ्या गर्भाच्या पिशवीत गाठ. मी शिरूरहून तुला रडत फोन केला, आणि माझं सगळं ऐकून घेतल्यावर तू म्हणालीस, "मंगे, दोघींच्या बी पिशव्या गेल्या. आता भाजी कशात आणायची?" मी रडता रडता हसले, मग हसले म्हणून चिडले. त्यावर तू म्हणालीस, "असं कर. मी आधी जाऊन बघून येती. कसं असतंय ते तुला सांगती. मग तू जा."

हा आपला जुनाच करार होता. स्टेशनसमोरच्या गाडीवरचं चायनीज आधी तू खाल्लंस. पार्लरमध्ये जाऊन केस आधी तू कापलेस, आणि ते मानेपर्यंत कापलेले बघून मी माझी वेणी राखली. पोहायला, मोपेड चालवायला, मोबाईल घ्यायला, सगळीकडे आधी तू जायचीस आणि परत येऊन सांगायचीस की मंगे, काही नसतं, चल. या वेळी तू गेलीस आणि सांगायला आलीच नाहीस. ऑपरेशन झालं म्हणाले. भुलीतून बाहेर येता येता हृदय थांबलं म्हणाले. लाखात एखाद्याचं असं होतं, असं डॉक्टरांनी तुझ्या अम्मीला सांगितलं. तो लाखातला एक माणूस मला ठाऊक असलेला एकुलता एक माणूस निघाला, आता मी त्या आकड्याचं काय करू?

तू म्हणशील, रडगाणं पुरे, आपल्या बायांचं लिही. लिहिते.

कॉलेज दुपारी सुटायचं आणि माझी शटल संध्याकाळची. मधले तास मी तुमच्या क्वार्टरमध्ये काढायचे. माझ्या आईला हे पटलं होतं, कारण स्टेशनवर पोरीनं एकटं बसण्यापेक्षा कोणाच्या घरात बसलेलं बरं. तुझे अब्बा लोको शेडमध्ये, अम्मी स्वयंपाकघरात, आणि आपण दोघी टीव्हीसमोर खारी चहात बुडवत बसलेल्या. केबल नुकती आली होती. कॉलनीतल्या बाकीच्या घरांत हिंदी सिनेमे लागायचे, तुमच्याकडे मात्र तू ते परदेशी गाण्यांचं चॅनेल लावून बसायचीस आणि रिमोट फ्रॉकखाली दडवायचीस.

पहिल्यांदा मला त्या बाया बघून कसंतरीच झालं. एकीने पुरुषाचा शर्ट घातलेला, केस विंचरलेले नाहीत, गळ्यात गिटार, आणि गाताना तोंड असं करायची की दाढ दुखत असावी. दुसरी खाली जमिनीकडे बघूनच गायची. एकही बाई लाजत नव्हती, एकही झाडामागून येत नव्हती. मी तुला विचारलं की या कोण. निवेदिकेने इंग्रजीत जे काही सांगितलं त्यातला 'अल्टरनेटिव्ह' एवढा एक शब्द तुला नीट ऐकू आला होता. तुमच्या नळाला तेव्हा पाणी एक दिवसाआड यायचं, आणि त्याला सगळी कॉलनी 'अल्टरनेट' म्हणायची. तू ठामपणे सांगितलंस, "अल्टरनेटिव्ह म्हंजी दिवसाआड. ह्या बाया रोज गात न्हाईत. एक दिवस गात्यात, एक दिवस गप बसत्यात." मला ते इतकं खरं वाटलं की मी पुढचं वर्षभर कोणाला विचारलंच नाही. त्या आपल्या दिवसाआडच्या बाया झाल्या, आणि खरा अर्थ कळल्यावरही आपण ते नाव सोडलं नाही.

आणि मग ते गाणं. त्या शर्टवालीचं. सुरुवातीला ती अगदी हळू, कुरकुरल्यागत गायची, आणि मध्येच सगळी वाद्यं एकदम अंगावर यायची आणि ती ओरडायची. एका दुपारी तू ताडकन उभी राहिलीस. "मंगे, ऐक. ती दौंड म्हणती."

मी ऐकलं. ती दौंडच म्हणत होती. आधी दोनदा तुटक, दौंड, दौंड, आणि मग एकदा लांबवून, श्वास संपेपर्यंत. आपलं चुकतंय का बघायला तू अम्मीला हाक मारलीस. त्या कणकेच्या हातांनी बाहेर आल्या, मान तिरकी करून त्यांनी ऐकलं आणि निकाल दिला की हां, दौंडच म्हणती. वर पुढे म्हणाल्या की हिचं कोणीतरी इथं रेल्वेत असणार, त्याशिवाय एवढ्या कळवळ्यानं गावाचं नाव कोण घेतं. झालं. त्या दिवसापासून तिचे आजोबा दौंडला इंजिन ड्रायव्हर होते, भीमेच्या पुलावरून गाड्या न्यायचे, म्हातारपणी तिकडे परत गेले आणि नातीला इथल्या गोष्टी सांगत मेले. हे सगळं आपण रचलं, आणि महिन्याभरात ते आपल्याला कोणीतरी सांगितल्यासारखं आठवायला लागलं.

कॅसेट मिळेना. दौंडात कॅसेट भरून देणाऱ्या पोराला तू त्या बाईचं नाव सांगितलंस, तर त्याने भजनाची आहे का म्हणून विचारलं. शेवटी तू टेपरेकॉर्डर टीव्हीला चिकटवून गाणं भरलंस, आणि नेमकी मधल्या ओळीला अम्मीच्या कुकरची शिटी झाली. आजही ते गाणं शिटीशिवाय कुठे लागलं तर मला अपुरं वाटतं.

दुसरं वेड तुकड्यांचं. आठवड्यातून एकदा संध्याकाळी तो इंग्रजी विनोदी कार्यक्रम लागायचा. गोष्ट अशी नाहीच, नुसते तुकडे. तीच चार माणसं कधी मिशा लावून, कधी टोप घालून, दोन-तीन मिनिटं काहीतरी वेडेपणा करायची, तो अर्धवट टाकायची आणि दुसरा सुरू करायची. आपल्याला त्यातलं इंग्रजी पाव हिश्शाने कळायचं. मी टीव्हीतले लोक हसले की हसायची. तू त्यांच्या आधी हसायचीस, आणि मला ते जादूच वाटायचं. त्या दिवशी माझी शटल चुकायची आणि मागच्या पॅसेंजरने मी जायची. एकदा घरी आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उशीर का झाला विचारलं. मी म्हणाले, इंग्रजीचा जादा तास होता. तसा होताच की.

मग तुला वाटायला लागलं की तुकडे आपणही करू. तुमच्या केबलवाल्याचं स्वतःचं एक चॅनेल होतं, त्यावर लोकांच्या लग्नाच्या कॅसेटी आणि साड्यांच्या दुकानांच्या जाहिराती चालायच्या. दिवाळीत त्याला मधल्या वेळात दाखवायला काहीतरी हवं होतं. बोलणाऱ्याची बोरं विकतात, तसं तू त्याला बोलण्यात गुंडाळलंस आणि लग्नाचं शूटिंग करणारा माणूस एका दुपारपुरता मिळवलास. तुकडा तूच लिहिलास. ती परदेशी गायिका आजोबांचं गाव बघायला दौंड जंक्शनवर उतरते, तिला जवळच्या राहू गावची एक बाई घरी नेते, आणि तिला गायचं असतं पण कोणी गाऊच देत नाही. शिकलीस किती, लग्न झालं का, केस का कापले, आई जिवंत हाय का, असं सगळं विचारून होईपर्यंत परतीची गाडी येते. गायिका तू. डोक्यावर अम्मीच्या जुन्या काळ्या ओढणीच्या चिंध्या, अंगात अब्बांचा शेडमधला खाकी शर्ट. प्रश्न विचारणारी राहूची बाई मी.

कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला आणि माझी बोबडी वळली. हातात चहाचा पेला, पदर डोक्यावर, आणि तोंडातून एक शब्द फुटेना. मला वाटलं सगळं बोंबललं. पण तू थांबली नाहीस. माझे प्रश्न तूच माझ्या तोंडाकडे बघून ओळखायला लागलीस. माझ्या डोळ्यांकडे बघायचीस आणि म्हणायचीस, "व्हय मावशी, बारावी नापास." मग पुन्हा बघायचीस, "न्हाई मावशी, अजून न्हाई झालं." कॅमेरावाला हसून हलायला लागला, ते चित्रातही दिसतं. पेला इतका थरथरत होता की चहा बशीत सांडून संपला. नंतर मी रडायला लागले, तर तू मला स्टेशनच्या नळावर नेऊन तोंड धुवायला लावलंस आणि म्हणालीस, "येडी का तू? तू फक्त घाबर. बाकीचं मी बघती."

त्या दिवाळीत ते तीनदा लागलं. कामासाठी दौंडला गेलेल्या माझ्या मामांनी ते बघितलं आणि भाऊबीजेला येऊन आप्पांच्या कानावर घातलं की पोरगी केबलवर आली. माझं धाबं दणाणलं. आप्पांनी मला समोर बोलावून विचारलं की तू तिथं काय केलंस. मी म्हणाले, काही नाही, नुसती उभी होते. त्यांनी मामांकडे बघितलं. मामा म्हणाले, व्हय, नुसतीच उभी व्हती. आप्पा विचार करून म्हणाले, मग उभं राह्यला काय हरकत हाय, आणि विषय मिटला. तुझ्या अब्बांना शेडमध्ये लोक म्हणायला लागले की तुमचा शर्ट लई गाजला. ते रागावतील म्हणून तू दोन दिवस त्यांच्यासमोर गेली नाहीस. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं की गायिकेला शेवटी गायला का नाही दिलं, एक कडवं तरी द्यायला पाहिजे होतं. असा बाप फार थोड्यांना मिळतो, यास्मे.

आपला खरा वाद मात्र त्याच गाण्यावरून होता, आणि तो शेवटपर्यंत मिटला नाही. ती शर्टवाली ओरडते, ते का? तू म्हणायचीस, तिला कोणाचीच भीती नाही म्हणून. मी म्हणायचे, तिला भीती वाटते म्हणून. तू मला हसायचीस. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, तुला सगळ्या बायका तुझ्यासारख्याच दिसणार, म्हणायचीस. मला ते लागायचं, पण मी माझं म्हणणं सोडलं नाही. एवढ्या एकाच गोष्टीत मी तुझ्याशी इतकी वर्षं भांडले. बाकी सगळीकडे तू म्हणशील ती पूर्व दिशा.

लग्न होऊन मी शिरूरला आले. ह्यांची कंपनीत शिफ्ट, माझं घरी ब्लाउज शिवणं, मग मुलगी झाली. तू दौंडलाच राहिलीस, शाळेत इंग्रजी शिकवलंस, अब्बा गेल्यावर अम्मीला सांभाळलंस आणि लग्नाचं विचारणाऱ्यांच्या नकला केल्यास. शिरूरला सायबर कॅफे निघाला तेव्हा एके दिवशी मी मुलीला कडेवर घेऊन तिथे गेले आणि पोराकडून ते गाणं शोधून घेतलं. शब्द समोर आले. 'दौंड' कुठेच नव्हतं. 'डाउन' होतं. डाउन, डाउन, आणि लांबवून एकदा डाउन. मला इतकं वाईट वाटलं की मी तिथूनच बाहेर येऊन तुला फोन लावला. तू ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "तिला दौंड म्हणता येत न्हाई मंगे, म्हणून ती डाउन म्हणती. आपली बी पुण्याकडून येणारी डाउन गाडी दौंडलाच येती का न्हाई?" पुन्हा विचारायची सोयच ठेवली नाहीस. अम्मींना तर आपण सांगितलंच नाही.

दवाखान्यात जायच्या आदल्या संध्याकाळी तुझा फोन आला. आवाज नेहमीसारखाच. दवाखान्याच्या काउंटरवरचा तुकडा तू तयार ठेवला होतास. काउंटरवरची बाई विचारते, नवऱ्याचं नाव? नाही. मग वडिलांचं? वारले. मग सही कोण करणार? मीच. पण तुम्हाला काय झालं तर? तर मी सही परत घेते. मला हसू आलं नाही आणि मी तुला तसं सांगितलं. मग माहीत नाही कसं, पण आपण पुन्हा त्या गाण्यावर आलो. तू म्हणालीस, "घाबरल्याली बाई अशी वरडत न्हाई. घाबरल्याली बाई तुझ्यावानी गप बसती."

मी म्हणाले, "मी गप बसती, कारण मला वरडता येत न्हाई. येत असतं तर आशीच वरडले असते."

तू गप्प झालीस. तू गप्प झालीस, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. मग म्हणालीस की हे तू आधी का नाही बोललीस, यावर तर तुकडा होतो, परवा आले की बोलू. आणि फोन ठेवलास.

मातीला मी पोचले, पण बायकांत मागे बसले. येणारी प्रत्येक बाई एकच सांगत होती की हसत गेली हो पोरगी, आत नेतानासुद्धा हसत होती. कोण कोणाकडून ऐकून सांगत होतं देव जाणे. मी घरी आले ती हे वाक्य घेऊनच आले, आणि त्याने माझी झोप उडवली. तू हसत गेलीस आणि मेलीस. मग मी, जी पेला धरूनसुद्धा थरथरते, ती त्या दारातून कशी परत येणार? मी ऑपरेशनची तारीख रद्द केली. ह्यांना सांगितलं की डॉक्टर बाहेरगावी आहेत.

पण अंग ऐकत नाही, यास्मे. रक्त जाणं थांबत नाही. मशीनवर बसलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, परवा सुई बोटात गेली तरी कळलं नाही. इथल्या डॉक्टरीण बाईंनी रक्त तपासलं आणि मला खुर्चीत बसवून सरळ सांगितलं की आता पुढे ढकललं तर ऑपरेशनच्या टेबलावर न्यायच्या लायकीची तुम्ही राहणार नाही. ह्यांना खरं कळलं तेव्हा ते रागावलेसुद्धा नाहीत, नुसते डोकं धरून बसले. त्याने मी जास्त घाबरले. मुलगी चौथीत आहे. ती मला विचारते की आई, तू पांढरी का दिसतेस. मी तिला सांगते की पावडर जास्त झाली. नाही गेले तरी मरण, गेले तरी मरण, अशा जागी मी बसले होते, आणि विचारायचं कोणाला तर तुलाच, कारण जाऊन बघून येणारी तूच.

म्हणून काल मी दौंडला गेले. बसमध्ये निमोणे गावच्या दोन बायका माझ्या शेजारी बसून कोणाच्या तरी बाळंतपणाबद्दल बोलत होत्या, आणि मला वाटलं, या सगळ्या एवढ्या सहज कशा जगतायत. क्वार्टर सोडून तुम्ही बाजारामागे घेतलेल्या त्या दोन खोल्यांत अम्मी एकट्या होत्या. चाळिसाव्याचे तांदूळ निवडत होत्या. मीही सूप ओढून समोर बसले. आम्ही दोघी खडे काढत राहिलो. खडे म्हटल्यावर तू काय बोलली असतीस ते दोघींनाही कळत होतं.

मग मी विचारलं. "अम्मी, यास्मिन खरंच हसत गेली का?"

अम्मींनी सूप खाली ठेवलं नाही. निवडता निवडताच म्हणाल्या की लोकांना सांगायला बरं पडतं म्हणून तसं सांगितलं, पोरीची लाज राहावी म्हणून. मग त्यांचे हात थांबले. "लई घाबरली व्हती, बेटा. ट्रॉलीवर घेतली तवा माझा हात सोडीना. नर्सनी एक एक बोट सोडवलं. मला म्हणली, अम्मी, मेरेकू नई जाना. घर कू चल."

माझ्याशी तू जन्मभर मराठीत बोललीस. शाळेत पोरांसमोर इंग्रजी बोललीस. तुमच्या घरातली बोली तू माझ्यासमोर फक्त नकला करायला काढायचीस, मामूची, खालाची. तुझी स्वतःची म्हणून ती मी काल पहिल्यांदा ऐकली.

"वरडली का?" मी विचारलं. असं विचारू नये, मला कळत होतं.

"वरडली," अम्मी म्हणाल्या. "अम्मी, अम्मी करून. दार लागस्तवर."

यास्मे, मी वाद जिंकले. इतक्या वर्षांनी जिंकले आणि मला तो जिंकायचा नव्हता. मी अम्मींच्या मांडीवर डोकं ठेवून रडले, जे मातीच्या दिवशी जमलं नव्हतं. त्या घाबरलेल्या मुलीसाठी रडले, जिने फोनवर माझ्यासाठी काउंटरचा तुकडा तयार ठेवला होता आणि मनात काय चाललंय याचा पत्ता लागू दिला नाही. मला तुझा रागही आला. एवढी वर्षं मी तुला माझी भीती आणून देत होते, त्या बदल्यात तुझी थोडी मला दिली असतीस तर काय बिघडलं असतं? मला घाबरायचा अनुभव होता, मी ती नीट सांभाळली असती. आणि रडता रडताच छातीवरचं काहीतरी खाली उतरलं. तू हसत गेली नव्हतीस. तू माझ्यासारखीच गेली होतीस. घाबरलेली माणसं त्या दारातून आत जातात आणि बहुतेक सगळी परत येतात, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मी सोडून बाकी कोणीच घाबरट नसतं, असं मी आजवर धरून चालले होते.

अम्मींनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि डोळ्याखालची कातडी ओढून बघितली, रक्त आहे का ते. मग विचारलं की तुझी तारीख कधी आहे. मी सांगितलं की रद्द केली. त्यांनी तांदळाचं सूप बाजूला सारलं, ह्यांचा नंबर माझ्याकडून लावून घेतला आणि त्यांना सांगितलं की डॉक्टरला भेटून उद्या-परवाचीच वेळ घ्या. आणि मग मला म्हणाल्या की मी येते, दाराबाहेर बसते.

त्यांनी महिन्यापूर्वीच तसल्याच एका दाराबाहेर बसून काय ऐकलं, ते मला माहीत होतं. मी नको म्हणाले. चाळिसावा तोंडावर आहे, लोक काय म्हणतील म्हणाले. त्यांनी ते कानावरच घेतलं नाही. शेवटी मी म्हणाले, "अम्मी, तुम्हाला भ्या न्हाई वाटायचं का तिथं?"

"वाटंल की," त्या म्हणाल्या. "म्हणून तर येती. घरात बसून एकटीनं किती घाबरायचं?"

काल संध्याकाळच्या एसटीने त्या माझ्याबरोबर शिरूरला आल्या. उद्या सकाळी आम्ही दोघी दवाखान्यात जातोय, यास्मे. दोघींचीही पाचावर धारण बसलेली आहे, आणि दोघींपैकी कोणीही ते लपवत नाही.